गोधडी

गोधडी : जुन्या सुती वस्त्रांचे थर एकावर एक अंथरून व ते हातशिलाईने एकत्र जोडून तयार केलेले जाड पांघरूण वा अंथरूण. रजई, दुलई व लेप यांहून गोधडीची घडण वेगळी असते. रजईत दोन नव्या कापडांच्या मध्ये पिंजलेला कापूस भरतात. गोधडीत असे वेगळे भरण नसते. वापरून विरलेल्या वस्त्रांचे थर हेच तिचे भरण व तेच तिचे अंग होय. म्हणून गोधडी हे केवळ पांघरूण नसून वस्त्राच्या पुनरुपयोगाची एक पूर्ण विकसित पद्धती आहे. एकेकटे ठेवल्यास निरुपयोगी ठरणारे कापड टाक्यांनी एकत्र आणून त्याला आणखी पुष्कळ वर्षांचे आयुष्य देणे, हे या कलेचे मर्म आहे.

नावे : हिंदीतील ‘गुदडी’ हा शब्द गोधडीशी जुळता आहे. सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांत गोधडीस वाकळ म्हणतात. चार घड्यांचे पांघरूण ती चौघडी व दोन पदरांचे ते दुपटे, ही नावे थरांच्या संख्येवरून पडलेली आहेत. दुपटे हा शब्द आता मुख्यतः तान्ह्या मुलाच्या पांघरुणास लावतात. कर्नाटकाच्या सीमेलगत कौदी हे कन्नड नाव ऐकू येते. संस्कृतात अशा जोडवस्त्रास कंथा म्हणत. बंगालमधील कांथा हे नाव त्यावरूनच आले आहे.

इतिहास : सुती कापड ओलावा, कसर व वापर यांमुळे नष्ट होते. गोधडी तर फाटेपर्यंत वापरण्यासाठीच केलेली असते. त्यामुळे तिचे प्राचीन अवशेष मिळत नाहीत व तिच्या इतिहासासाठी वाङ्‌मयीन उल्लेखांचा आधार घ्यावा लागतो. बौद्ध भिक्षूंनी टाकून दिलेल्या चिंध्या वेचून त्यांचे चीवर शिवावे, अशी प्रथा होती. अशा वस्त्रास पांसुकूल म्हणत. मगधातील बांधबंदिस्त भातखाचरे दाखवून बुद्धांनी आनंदास त्याप्रमाणे चीवराची मांडणी करण्यास सुचविले, अशी कथा विनयपिटकातील महावग्गात आहे. तुकडे जोडून वस्त्र करण्यामागे आराखडा असतो, या जाणिवेचा तो एक जुना दाखला होय. नाथपंथी योग्यांच्या वेषातही कंथेचा समावेश होतो.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेत सुईदोऱ्याला व चिंध्यांच्या वस्त्राला मानाचे स्थान आहे. संत नामदेव (१२७०–१३५०) हे शिंपी समाजातील होते. गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या एका पदात सुई व धागा यांचे रूपक आले आहे. गाडगे महाराज (१८७६–१९५६) चिंध्यांचे जोडवस्त्र अंगावर वागवीत. त्यावरून लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा असे म्हणत. या परंपरेत चिंध्यांचे वस्त्र हे विरक्तीचे चिन्ह ठरले. सामान्य घरात मात्र ते काटकसरीचे व मायेचे साधन होते.

थर शिवण्याची कला भारतापुरती मर्यादित नाही. उत्तर मंगोलियातील नोइन-उला येथील शिउंगनू लोकांच्या थडग्यांत १९२४-२५ च्या उत्खननात शिवणीने नटविलेला लोकरी नमद्याचा गालिचा मिळाला. सिसिलीत चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेले, ट्रिस्टनच्या कथेतील प्रसंग शिवणीने उठविलेले पांघरूण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधील सातगाव येथून भरतकाम केलेली पांघरुणे पोर्तुगीज व्यापारी यूरोपात नेत असत. जतन झालेले हे नमुने श्रीमंतांसाठी केलेले होते. गरिबाघरच्या गोधड्या वापरातच झिजून गेल्या.

साहित्य व साधने : गोधडीचे मुख्य साहित्य म्हणजे जुनेर. नऊवारी लुगडी, पातळे, धोतरे, पंचे, परकर, चादरी व सदरे ही वस्त्रे त्यासाठी वापरतात. वरच्या थरावर चोळीच्या खणाचे, इरकली काठाचे वा चंद्रकळेचे तुकडे रंगसंगतीसाठी लावतात. वारंवार धुतलेल्या कापडातील खळ निघून गेलेली असते, ते आटण्याचे थांबलेले असते व त्याचा रंगही बहुधा पक्का झालेला असतो. म्हणून गोधडीस नव्या कापडापेक्षा जुने कापड अधिक योग्य ठरते. नवे कापड वापरणे भागच पडल्यास ते आधी रात्रभर भिजवून, धुऊन व वाळवून घ्यावे. अन्यथा पहिल्याच धुण्यात ते आकसते व इतर थरांना सुरकुत्या पडतात.

सुई नेहमीच्या शिवणाच्या सुईपेक्षा लांब व जाड, परंतु पोती शिवण्याच्या दाभणापेक्षा बारीक असावी. दोरा जाड सुती घ्यावा. घरी पुष्कळदा साधा दोरा दुहेरी पिळून घेतात. दोऱ्यावर मेण फिरविल्यास तो कमी झिजतो व त्यास गाठी पडत नाहीत. बोटास इजा होऊ नये म्हणून अंगुस्तान वापरतात.

दोरा कापडापेक्षा बळकट असू नये, हा नियम विशेष महत्त्वाचा आहे. नायलॉनचा वा पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही. परंतु ताण आल्यावर तो विरलेल्या सुती कापडास कापत जातो. सुती दोरा तुटला तर टाका पुन्हा घालता येतो, पण कापड कापले गेल्यास दुरुस्ती अवघड होते.

मापे : गोधडीची मापे लुगड्याच्या मापावरून ठरत आली आहेत. नऊवारी लुगड्याची लांबी सु. ८·२ मी. असते. त्याच्या लांबीच्या चार घड्या केल्या की सु. २·०५ मी. लांबीचा चार थरांचा पट्टा मिळतो. लुगड्याचा पन्हा सु. १·१५ मी. धरल्यास एका माणसास पुरेल अशा गोधडीचे अंग एकाच लुगड्यातून तयार होते. दोन लुगड्यांचे असे पट्टे शेजारी जोडल्यास दोघांची गोधडी होते. थंड प्रदेशात थर वाढवितात. अंथरण्याच्या गोधडीत जाड कापड व जुन्या चादरी आत घालतात. पांघरण्याच्या गोधडीत मऊ व हलके कापड वापरतात.

शिवण्याची पद्धत : हे काम सामान्यतः सुगी आटोपल्यावर, चैत्र-वैशाखात करतात. या काळात शेतीची कामे कमी असतात, अंगण कोरडे असते व पावसाळ्यापूर्वी पांघरुणे तयार होतात.

प्रथम वस्त्रे निवडून त्यांची बटणे, जरीचे काठ व जाड शिवणी काढून टाकतात. प्रत्येक कापड दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी हलके ताणून पाहावे. ताण सोसणारे कापड वरच्या व खालच्या थरांसाठी ठेवावे. चटकन विरणारे कापड मधल्या थरात घालावे. रंगाविषयी शंका असल्यास ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड दाबून पाहावे. फडक्यास रंग लागला तर ते कापड वेगळे धुऊन घ्यावे किंवा गाळावे.

सारवलेल्या वा स्वच्छ फरशीच्या सपाट जमिनीवर खालचे कापड ताणून अंथरतात व त्याच्या चारही कोपऱ्यांवर वजने ठेवतात. त्यावर मधले तुकडे मांडतात. या तुकड्यांच्या कडा एकमेकींवर चढवू नयेत. त्या एकमेकींस भिडवून ठेवाव्यात, नाहीतर तेथे वळ उठतात व अंगास टोचतात. एका थरातील सांधे खालच्या थरातील सांध्यांवर येऊ देऊ नयेत. विटांच्या बांधकामाप्रमाणे ते चुकवावेत. शेवटी वरचे कापड अंथरून मध्यापासून कडेकडे तळहात फिरवीत सर्व थर सपाट करावेत.

यानंतर थर सरकू नयेत म्हणून सु. एक-एक वितीच्या अंतरावर लांब कच्चे टाके घालतात. हे टाकेही मध्यापासून कडेकडे घालीत जावेत. कच्चे टाके न घालता शिवण सुरू केल्यास गोधडी तिरकी होते व तिच्या मध्यभागी कापडाचा फुगा जमतो. एकदा पक्की शिवण पडल्यावर हा दोष उसवल्याखेरीज जात नाही. नंतर चारही कडा आत दुमडून त्या घट्ट शिवतात किंवा त्यांवर वेगळ्या रंगाच्या कापडाचा गोट लावतात. काही ठिकाणी त्रिकोणी दुमडलेल्या तुकड्यांची दातेरी किनार बसवितात.

पक्की शिवण धावदोऱ्याची असते. तिच्या दोन पद्धती आढळतात. पहिलीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत समांतर ओळी घालतात. सर्व ओळी एकाच दिशेने घातल्यास वरचा थर त्या दिशेने ओढला जातो. म्हणून एक ओळ डावीकडून उजवीकडे व पुढची उजवीकडून डावीकडे घालावी. दुसऱ्या पद्धतीत चौकोनी फेरे घेत कडेकडून मध्याकडे येतात व मध्यभागी चौकोन, फूल वा तुळशीवृंदावन यांसारखी आकृती साधतात. या पद्धतीत सैल कापड मध्याकडे सरकते. म्हणून दर दोन-तीन फेऱ्यांनंतर तळहाताने थर सारखे करणे आवश्यक असते.

टाका सु. अर्धा सेंमी. व दोन टाक्यांमधील अंतरही तेवढेच ठेवतात. सुई शक्यतो उभी उतरवावी. ती तिरपी गेल्यास खालचा थर टाक्यात सापडत नाही. डावा हात गोधडीखाली ठेवून सुईचे टोक प्रत्येक वेळी बोटास लागते की नाही, हे अनुभवी स्त्रिया पाहतात. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा प्रत्येक टाक्यागणिक कापडातून ओढला जाऊन झिजतो. दोऱ्याची गाठ थरांच्या मध्ये दडवावी, म्हणजे ती अंगास लागत नाही व सुटतही नाही.

श्रमाचे मान : गोधडीस लागणारे श्रम नजरेस येत नाहीत, परंतु ते मोजता येतात. वर दिलेल्या मापाच्या एकेरी गोधडीत ओळींमधील अंतर एक सेंमी. धरल्यास सु. ११५ ओळी येतात व शिवणीची एकूण लांबी सु. २३५ मी. होते. दर सेंमी.स एक टाका या हिशेबाने टाक्यांची संख्या सु. २३,५०० भरते. मिनिटास १० टाके धरले, तरी केवळ पक्क्या शिवणीसच सु. ४० तास लागतात. कापड निवडणे, धुणे, मांडणे, तुकडे जोडणे व किनार लावणे यांचा वेळ त्यात धरलेला नाही. आठ तासांचा दिवस धरल्यास ही किमान पाच दिवसांची मजुरी होय. घरातील गोधडी फुकट तयार होते असे जे मानले जाते, ते या श्रमांचा हिशेब कोणी ठेवला नाही म्हणूनच.

ऊब व टिकाऊपणा यांची कारणे : स्थिर हवा ही उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. गोधडीतील थरांमध्ये व टाक्यांमुळे पडणाऱ्या बारीक चुण्यांमध्ये हवा अडकून राहते आणि शरीराची उष्णता बाहेर जाण्यास अडथळा होतो. टाके फारच दाट घातल्यास थर एकमेकांवर दाबले जाऊन ही हवा कमी होते. ते फार विरळ घातल्यास थर सरकून एका जागी गोळा होतात. एक ते दीड सेंमी. अंतराच्या ओळी हा या दोन गरजांमधील अनुभवाने सापडलेला मध्य आहे. जाडीच्या मानाने रजई अधिक उबदार असते. परंतु तिच्यातील कापूस कालांतराने दबतो व पुन्हा पिंजून घ्यावा लागतो. गोधडीस ही गरज पडत नाही आणि ती घरी धुता येते.

सुती तंतू घाम शोषून घेतो. प्रमाणित हवामानात कापसाच्या तंतूत त्याच्या कोरड्या वजनाच्या सु. ८·५ टक्के ओलावा राहू शकतो. पॉलिएस्टरमध्ये हे प्रमाण केवळ सु. ०·४ टक्के असते. यामुळे सुती गोधडी अंगाला चिकटत नाही व ऋतुबदलातही सुखकर वाटते.

टिकाऊपणाचे कारण शिवणीत आहे. विरलेल्या कापडाचा एकच थर ताणला तर कमकुवत जागी तो फाटतो व फाट पुढे वाढत जाते. थर टाक्यांनी जोडलेले असले, म्हणजे एका थरातील कमकुवत जागा दुसऱ्या थरातील बळकट जागेवर येते आणि ताण वाटला जातो. फाट सुरू झालीच तर पुढच्या ओळीशी ती अडते. धावदोरा कापडात किंचित सरकू शकतो. त्यामुळे गोधडी ओढली वा झटकली, तरी एकाच टाक्यावर सर्व भार पडत नाही.

निगा व दुरुस्ती : गोधडीस वारंवार धुण्यापेक्षा उन्हाची अधिक गरज असते. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा दोन्ही बाजूंनी कडक ऊन दिल्यास ओलावा व वास जातो आणि ढेकणांचा उपद्रव कमी होतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात नवरात्रात घट बसण्यापूर्वी घरातील सर्व गोधड्या नदीवर वा ओढ्यावर नेऊन धुण्याची रीत आहे. या सुमारास पाणी मुबलक असते, पावसाळ्यात पांघरुणांत शिरलेली दमट हवा घालवायची असते व पुढे थंडीचे दिवस यायचे असतात. रूढीमागील ही व्यावहारिक कारणे उघड आहेत.

धुताना गोधडी सौम्य साबणाच्या वा रिठ्याच्या पाण्यात भिजवून पायांनी किंवा हातांनी दाबावी. दगडावर आपटू नये. भिजलेली गोधडी फार जड होते, म्हणून ती पिळण्याऐवजी घडी करून दाबत पाणी काढावे. ती एकाच दोरीवर टाकल्यास भाराने मधले टाके तुटतात. दोन-तीन समांतर दोऱ्यांवर, स्वच्छ कातळावर वा बाजेवर पसरून वाळवावी. आतला थर वाळल्याची खात्री झाल्याखेरीज घडी करू नये, नाहीतर बुरशी येते. दीर्घकाळ ठेवावयाची गोधडी जुन्या सुती कापडात गुंडाळून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो. तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषांवर घालावी, म्हणजे एकाच रेषेवर कापड चिरत नाही.

ठिगळ लावताना मूळ कापडाइतकेच वापरलेले कापड घ्यावे. नव्या, करकरीत कापडाचे ठिगळ आकसते व त्याच्या कडेने जुने कापड फाटते. ठिगळ फाटलेल्या भागाच्या पुढे सर्व बाजूंनी किमान दोन बोटे असावे आणि त्याचे टाके जुन्या ओळींच्या दिशेनेच घालावेत. सुटलेली ओळ दिसताच दुरुस्त करावी. एक ओळ सुटली की तिच्या शेजारच्या ओळींवर ताण येतो. गोधडी फारच जीर्ण झाली, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना बरी वस्त्रे लावून तीच नव्या गोधडीचा मधला थर करतात. अशा एका गोधडीत दोन-तीन पिढ्यांची वस्त्रे सापडू शकतात.

सामाजिक स्थान : गोधडी मुख्यतः स्त्रियांनी घडविली. तिचे शिक्षण आईकडून मुलीस व सासूकडून सुनेस मिळत असे. मोठ्या गोधडीच्या चार बाजूंना शेजारणी बसत. त्यामुळे हे काम गप्पा, ओव्या व सल्लामसलत यांचेही निमित्त ठरे. बाळंतविड्यात झबली, टोपडी व दुपटी यांबरोबर आजीच्या मऊ लुगड्याची लहान गोधडी देण्याची चाल आहे. तान्ह्या मुलाची अशी गोधडी दोन-तीन थरांहून जाड नसावी. तिला मणी, टिकल्या वा सैल दोरे नसावेत आणि ती मुलाच्या तोंडावर येणार नाही, अशी काळजी घ्यावी. कामासाठी गाव सोडणाऱ्या ऊसतोडणी मजुरांच्या बिऱ्हाडातही गोधडीचे स्थान निश्चित असते. दिवसा तिच्यात सामान बांधता येते, रात्री तीच अंथरूण-पांघरूण होते.

काही गावांत मजुरीवर वाकळा शिवून देणाऱ्या स्त्रिया असत. त्यांच्या कामाचा मोबदला पैशांत वा धान्यात मिळे. तथापि लोहार, सुतार वा कुंभार यांच्याप्रमाणे गोधडी शिवणाऱ्या स्त्रीस कारागीर म्हणून ओळख मिळाली नाही. गोधडीवर करणारीचे नाव नसते व कुटुंबाबाहेर तिची नोंदही नसते.

इतर परंपरा : भारतातील अनेक प्रदेशांत अशाच कला आहेत, परंतु त्यांची वाटचाल सारखी झालेली नाही. बंगाली कांथेत जुन्या साड्यांचे थर असतात व साडीच्या काठातून काढलेल्या रंगीत धाग्यांनी त्यांवर कमळ, पशुपक्षी व कथाप्रसंग भरतात. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी कांथा जमविल्या. त्यांचा संग्रह कोलकात्याजवळील त्यांच्या नावाच्या संग्रहालयात ठेवण्यात आला. स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये कांथेवर अभ्यासपूर्ण लेख लिहिला. जसीमुद्दीन यांच्या नक्षी कांथार माठ (१९२९) या काव्याने कांथेस साहित्यातही स्थान मिळाले. संग्राहक, अभ्यासक व कवी यांचे लक्ष वेळीच गेल्यामुळे कांथेचे जुने नमुने व त्यांची माहिती टिकली. बिहारमधील सुजनी हा याच कुळातील प्रकार होय. नक्षी कांथा व सुजनी या दोन्हींना भौगोलिक निर्देशनाच्या कायद्याचे संरक्षण लाभले आहे. सिंध, कच्छ व राजस्थान या भागांतील रल्लीत भौमितिक आकारांच्या तुकड्यांची नियमबद्ध मांडणी असते.

महाराष्ट्र व गोव्याच्या दृष्टीने सर्वांत जवळची परंपरा उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाची आहे. येल्लापूर, हल्याळ व मुंडगोड या तालुक्यांत राहणाऱ्या या समाजातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. तेथून सुटून ते घाटावरील जंगलांत आले. त्यांची बोली कोकणी आहे. त्यांच्या गोधडीस कवंदी म्हणतात. तिची शिवण एका कोपऱ्यापासून सुरू होते व फेरे घेत मध्यापाशी संपते. आधी पूर्ण आराखडा न मांडता शिवता शिवताच कापडाचे तुकडे लावीत जातात. चारही कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाचे दुमडलेले कापडी तुकडे लावल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. अमेरिकन कलाभ्यासक हेन्री ड्रुअल यांच्या साहाय्याने २००४ मध्ये सिद्दी स्त्रियांचा सहकारी उपक्रम सुरू झाला व कवंदी प्रदर्शनांतून परदेशी पोहोचली.

अमेरिकेतील अलाबामा राज्यातील जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्यांचा इतिहासही येथे उद्बोधक ठरतो. त्या कामाच्या जुन्या कपड्यांतून गोधड्या शिवीत. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६६ मध्ये, त्या परिसरात गोधड्या शिवणाऱ्या स्त्रियांची सहकारी संस्था स्थापन झाली. २००२ मध्ये ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात या गोधड्यांचे प्रदर्शन भरले आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्रांची दहा तिकिटे काढली. पुढे २००७ मध्ये काही स्त्रियांनी आकृतिबंधांचे हक्क व मोबदला यांबाबत न्यायालयात दावे दाखल केले. ते २००८ मध्ये आपसांत मिटविण्यात आले. कलाकृतीस कीर्ती मिळाली म्हणजे करणारीस न्याय्य मोबदला आपोआप मिळतोच असे नाही, हे त्यावरून दिसते.

सद्यःस्थिती : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोधडीचा पायाच बदलला. कृत्रिम धाग्यांच्या साड्या टिकाऊ, स्वस्त व लवकर वाळणाऱ्या असल्यामुळे त्यांनी सुती लुगड्यांची जागा घेतली. १९८२ मध्ये सुरू झालेल्या मुंबईतील गिरणी संपानंतर अनेक कापडगिरण्या बंद पडल्या. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यांच्या कापडाचा मार्ग अधिक मोकळा केला. नऊवारीचा रोजचा वापर घटला. घरात जुने सुती कापडच निघेनासे झाले, तेव्हा गोधडीचा कच्चा माल आटला. त्याच काळात सोलापुरी चादरी, गिरणीची ब्लँकेटे व यंत्रावर शिवलेल्या रजया सहज मिळू लागल्या. स्त्रियांचा मोकळा वेळही मजुरी व नोकरी यांत जाऊ लागला.

पॉलिएस्टरच्या साड्यांची गोधडी शिवता येते. परंतु तिचे थर निसरडे असल्याने अधिक टाके घालावे लागतात, ती घाम शोषत नाही आणि विस्तवाजवळ ती वितळून अंगास चिकटण्याचा धोका असतो. म्हणून कापड निवडताना त्याचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो व त्याची मऊ, करडी राख होते. पॉलिएस्टरचा धागा आकसून वितळतो व त्याची टणक, काळसर गुठळी राहते. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणे दिसतात. जुने सुती कापड अपुरे पडल्यास मांजरपाट धुऊन घेऊन खालच्या थरास लावावा व मधल्या थरास जुन्या सुती चादरी, ओढण्या आणि पंचे वापरावेत.

एकविसाव्या शतकात शहरी ग्राहकांत गोधडीविषयी नवी आवड निर्माण झाली आहे. ग्रामीण बचत गटांच्या विक्रीप्रदर्शनांत गोधड्या असतात. घरातील वडीलधाऱ्यांची जुनी वस्त्रे देऊन त्यांची गोधडी शिवून घेणारेही पुष्कळ आहेत. अशा विक्रीत दोन बाबींकडे लक्ष देणे आवश्यक आहे. एक म्हणजे किंमत. कापड जुने असल्याने गोधडी स्वस्त असावी, ही समजूत चुकीची आहे. तिचे मूल्य कापडात नसून टाक्यांत आहे. गोधडीची लांबी-रुंदी व ओळींमधील अंतर घेऊन शिवणीची लांबी काढावी आणि तीवरून श्रमाचे तास व मजुरी ठरवावी. यंत्राची शिवण व हाताची शिवण यांचा भेदही ग्राहकास स्पष्ट सांगावा. यंत्राची शिवण दोन्ही बाजूंनी अखंड दिसते. हाताच्या धावदोऱ्यात टाका व मोकळी जागा आलटून-पालटून येतात.

दुसरी बाब नोंदीची आहे. गोधडीच्या एका कोपऱ्यावर सुती पट्टी लावून तीवर करणारीचे नाव, गाव व वर्ष लिहिणे अवघड नाही. घरात असलेल्या जुन्या गोधड्यांतील वस्त्रे कोणाची, शिवण कोणत्या पद्धतीची व कोपऱ्यांना काय म्हणतात, हे वृद्ध स्त्रियांकडून वेळीच विचारून लिहून ठेवणे तितकेच आवश्यक आहे. कांथेची माहिती अशा नोंदींमुळे टिकली. गोधडीची माहिती अजून पुष्कळ अंशी शिवणाऱ्या हातांतच आहे आणि सुती लुगडी रोज नेसलेली व त्यांच्या गोधड्या शिवलेली पिढी आता वृद्ध झाली आहे.